खदान, गाव आणि गावातील स्त्रिया : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठवाड्यातील खदानी, क्रशर आणि वाळूघाट यांच्या आसपासच्या गावांत बचत गटांच्या बैठका घेताना, ग्रामपंचायत सदस्यांशी बोलताना आणि कधी खदानमालकांच्या कार्यालयात बसलो असताना जे प्रश्न आम्हाला पुन्हा पुन्हा विचारले गेले, ते येथे उत्तरांसह दिले आहेत. कंपनीचे जनसंपर्क अधिकारी, सरपंच, ग्रामसेवक आणि मुख्य म्हणजे खदानीशेजारी राहणाऱ्या स्त्रिया या सर्वांना ते उपयोगी पडावेत, असा प्रयत्न आहे.

मराठवाड्यात खाणी आहेत तरी कुठे? हा प्रश्न विदर्भाचा नाही का?

कोळशाच्या मोठ्या खाणी विदर्भात आहेत, हे खरे. मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांत खाणकाम म्हटले की प्रामुख्याने गौण खनिजेच समोर येतात : काळा दगड, खडी, मुरूम आणि गोदावरी व तिच्या उपनद्यांची वाळू. नांदेड जिल्ह्यात देगलूर, बिलोली, मुखेड या बाजूला दख्खनचा काळा थर संपून जुना ग्रॅनाइट वर येतो, त्यामुळे तेथील खदानींचे स्वरूप थोडे वेगळे आहे. समृद्धी महामार्ग जालना आणि छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांतून गेला, तेव्हा त्या पट्ट्यातील किती टेकड्या मुरमासाठी आणि खडीसाठी पोखरल्या गेल्या, हे त्या रस्त्याने जाणाऱ्याला आजही दिसते.

एकेक खदान लहान असते, म्हणून तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. परंतु एका गावाच्या शिवारात चार-पाच खदानी आणि दोन क्रशर असले, तर त्या गावाला बसणारा त्रास मोठ्या खाणीपेक्षा कमी नसतो. शिवाय मोठ्या कंपनीकडे निदान समाजविकासाचा एखादा अधिकारी असतो. येथे बहुतेक ठिकाणी मुकादमाच्या पलीकडे बोलायला माणूस सापडत नाही.

धूळ सगळ्यांवरच उडते. मग बाईचा आणि पुरुषाचा वेगळा हिशोब कशासाठी?

धूळ सगळ्यांवर उडते, पण ती झाडावी लागते एकीला. हा प्रश्न आम्हाला सर्वांत जास्त वेळा विचारला जातो, म्हणून त्याचे उत्तर जरा सविस्तर देतो.

पाण्यापासून सुरुवात करू. गोदाकाठच्या गावांत उन्हाळ्यात नदी आटली, की बायका वाळूत झिरा उकरून पाणी भरत असत. वाळूचा थर म्हणजे नदीने साठवून ठेवलेले पाणी. तो थर उपसला गेला, की झिरा राहत नाही आणि काठावरच्या विहिरींची पातळीही खाली जाते. घरातला पुरुष या बदलाविषयी ‘पाणी कमी झाले’ असे एका वाक्यात सांगतो. त्याच घरातली बाई मात्र आता पहाटे किती वाजता उठावे लागते, टँकर कुठे थांबतो, हंडे किती खेपांत येतात आणि शाळेत जाणारी मुलगी त्यातल्या किती खेपा करते, हे सांगते. कंपनीला पाण्याविषयी उपाय करायचा असेल, तर तिला या दुसऱ्या माहितीची गरज आहे आणि ती पहिल्या माणसाकडे मिळत नाही.

सुरुंगाचे बार बहुधा दुपारी उडवले जातात. त्या वेळी पुरुष शेतात किंवा तालुक्याच्या गावी असतात. घरात बाळंतीण, तान्ही मुले आणि म्हाताऱ्या असतात. भिंतीला तडा कुठल्या दिवशी गेला, पाळण्यातले मूल किती दचकले, छपराचा पत्रा कधी सरकला, याच्या साक्षीदार त्याच असतात. तरीही तडे गेलेल्या घरांची पाहणी करायला आलेला माणूस ‘मालक आहेत का?’ असे विचारतो आणि मालक नसले, की परत जातो.

रस्त्याचेही तेच. हायवा आणि टिप्पर सुरू झाले, की गावाचा रस्ता बदलतो. पुरुष मोटारसायकलवर असतात. पायी चालणाऱ्या म्हणजे शेतमजूर स्त्रिया, सरपण आणणाऱ्या, दुसऱ्या गावच्या शाळेत जाणाऱ्या मुली. एखाद्या मुलीची शाळा ‘त्या रस्त्यावर ट्रक फार असतात’ एवढ्याच कारणाने सुटते आणि खाणीच्या कुठल्याही अहवालात तिची नोंद होत नाही. रात्री थांबणाऱ्या ट्रकचालकांच्या मागोमाग दारूचे दुकान किंवा चोरटी विक्री येते, त्याचा मारही अखेर घरातच पडतो. दारूच्या दुकानाबाबत महाराष्ट्रात निदान एक मार्ग खुला आहे : पंचवीस टक्के महिला मतदारांनी मागणी केली, तर ‘उभी बाटली, आडवी बाटली’ असे गुप्त मतदान घेता येते.

हे सगळे त्रास पुरुषांना होत नाहीत, असे आमचे म्हणणे नाही. सांगायचे ते इतकेच, की खदानीचा फायदा आणि तोटा एकाच घरात वेगवेगळ्या हातांत पडतो. भाडे, ठेका, ट्रॅक्टरचा धंदा, मुकादमकी ही एका हातात; पाणी, धूळ, आजारपण, भीती ही दुसऱ्या हातात. ज्या कंपनीने फक्त पहिल्या हाताशी बोलणी केली, तिला गावाने होकार दिला असे म्हणता येणार नाही.

ग्रामसभेत ठराव झाला, रजिस्टरवर बायकांच्या सह्याही आहेत. मग स्त्रियांचे मत आलेच ना?

एका गावातली सभा आम्ही जवळून पाहिली. मारुतीच्या मंदिराचा सभामंडप, पुरुष सतरंजीवर, कंपनीचे दोन अधिकारी खुर्च्यांवर. नऊ बायका मंडपाबाहेर लिंबाखाली उभ्या होत्या, डोक्यावर पदर. सभा पाऊण तास चालली. अखेरीस रजिस्टर बाहेर नेले, नऊ जणींपैकी सहा जणींनी अंगठे उठवले आणि तिघींनी सह्या केल्या. लोक पांगल्यावर त्यांतल्या एकीने आमच्या कार्यकर्तीला हळूच विचारले, ‘ताई, ते हायवा रात्री किती वाजेपर्यंत चालणार? पोरगी शिकवणीहून त्याच रस्त्यानं येती.’ त्या सभेत विचारला गेलेला सर्वांत नेमका प्रश्न हाच होता, आणि तो कार्यवृत्तात आला नाही.

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमात नियमित ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद आहे. ती सभा प्रत्यक्ष भरली का, खदानीचा विषय तिच्या विषयपत्रिकेवर होता का आणि तिचे म्हणणे मुख्य ग्रामसभेत वाचून दाखवले का, या तीन गोष्टी कंपनीने स्वतः तपासल्या पाहिजेत. महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतींत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत, त्यामुळे ‘तुमच्या सरपंच बाईच आहेत की’ असे उत्तर लगेच मिळते. पण बोलणी सरपंचताईंशी झाली, की त्यांच्या यजमानांशी, हेही पाहावे. बैठक सरपंचांच्या घरी न ठेवता ग्रामपंचायतीच्या कार्यालयात ठेवली आणि निमंत्रण त्यांच्या नावाने दिले, तर एवढ्यानेही फरक पडतो.

आणखी एक गोष्ट मराठवाड्याच्या बाहेरून आलेल्या अधिकाऱ्यांच्या लक्षात येत नाही. बीड, धाराशिव, जालना, परभणी या जिल्ह्यांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जाणारी कुटुंबे गाव सोडतात, ती उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. नोव्हेंबर ते मार्च या काळात घेतलेल्या सर्वेक्षणात गावातील सर्वांत गरीब घरांवर कुलूप असते. ‘घर बंद’ असा शेरा मारून सर्वेक्षण पुढे जाते आणि ज्यांना पाणी, पायवाट, गायरान यांची सर्वाधिक गरज आहे, नेमकी तीच घरे मोजणीतून सुटतात. सर्वेक्षणाचा एक फेरा तरी गुढीपाडव्यानंतर ठेवावा.

स्त्रियांची वेगळी बैठक घ्यायची तर ती कशी घ्यावी?

वेळ विचारून घ्यावी. सकाळी अकरा ही कार्यालयाची वेळ आहे. मजुरीला जाणारी बाई तेव्हा रानात असते. संध्याकाळचा स्वयंपाक उरकल्यावर, वस्तीतल्याच अंगणात, अंगणवाडीत किंवा बचत गटाच्या नेहमीच्या जागेत बसावे. वाडी, तांडा आणि दलित वस्ती यांच्या बैठका वेगळ्या घ्याव्यात, कारण ‘गावातील महिला’ या शब्दातही थोरल्या घरच्या बायका पुढे आणि बाकीच्या मागे राहतात. वडार समाजाच्या दगडफोड्या कुटुंबांचे पाल तर पुष्कळदा गावठाणाच्या बाहेर असते. त्यांना गावातलेच कोणी ‘गावातले’ धरत नाही.

बोलणारी व्यक्ती शक्यतो स्त्री असावी आणि तिला खदानीची माहिती असावी. आम्ही पाहिलेल्या काही बैठकांत कंपनीची कार्यकर्ती हळदी-कुंकू आणि पाककृती स्पर्धा घेऊन परतली; खदानीच्या हद्दीचा नकाशा तिच्याजवळ नव्हताच. नकाशा जमिनीवर रांगोळीने काढला, तर बायका स्वतःच विहीर कुठे, पायवाट कुठे, सरपण कुठे मिळते, मसणवटा कुठे हे दाखवू लागतात. अर्ध्या तासात जी माहिती मिळते, ती छापील प्रश्नावलीतून महिन्यात मिळत नाही.

मराठवाड्याला हे नवे नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादच्या गावांत घरदुरुस्तीचा कार्यक्रम आला, तेव्हा ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या साह्याने गावोगावच्या स्त्रिया संवाद सहायक झाल्या. शासनाची योजना घरोघरी समजावणे, बांधकामावर लक्ष ठेवणे आणि लोकांच्या अडचणी अधिकाऱ्यांपर्यंत नेणे हे काम ज्यांनी पूर्वी कधी चावडीची पायरी चढली नव्हती, अशा बायकांनी केले. खाण कंपन्यांनी असा नमुना परदेशातून आणण्याची गरज नाही, तो औसा आणि उमरगा तालुक्यांच्या गावांत घडून गेलेला आहे.

जनसुनावणीत घरकाम करणारी, शेती नावावर नसलेली बाई बोलू शकते का?

निःसंशय. १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन अधिसूचनेनुसार ज्या प्रकल्पांना जनसुनावणी लागू आहे, तेथे स्थानिक रहिवाशांपैकी कोणालाही बोलता येते. सातबारा दाखवावा लागत नाही. सुनावणीची सूचना किमान तीस दिवस आधी वर्तमानपत्रांत द्यावी लागते, अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत उपलब्ध करावा लागतो आणि कामकाजाचे चित्रीकरण होते. अखेरीस कार्यवृत्त स्थानिक भाषेत वाचून दाखवायचे असते. त्या वेळी आपले म्हणणे त्यात आले नसेल, तर तेथेच उठून सांगावे. ज्यांना चारचौघांत बोलणे जड जाते, त्यांनी लेखी निवेदन महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे द्यावे. बचत गटाच्या सर्व सभासदांच्या सह्यांचे एक निवेदनही चालते.

अडचण अशी, की या सुनावणीला गणसंख्येची अट नाही. एकही स्त्री हजर नसली, तरी सुनावणी वैध ठरते. लहान खाणपट्ट्यांना तर बहुधा जनसुनावणीच लागत नाही. म्हणून मराठवाड्यातील बहुतेक गावांसाठी ग्रामसभा हीच खरी जागा आहे, आणि तिच्यावर वर एवढे लिहिले ते त्यासाठीच.

जमीन गेली तर मोबदला सातबाऱ्यावर ज्याचे नाव त्यालाच. यात कंपनी काय करणार?

पुष्कळ काही करू शकते.

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू. २०१३ च्या भूसंपादन व पुनर्वसन अधिनियमात विधवा, घटस्फोटित आणि परित्यक्ता स्त्रियांना स्वतंत्र कुटुंब मानले आहे. म्हणजे भावाच्या किंवा सासऱ्याच्या घरात राहणारी एकटी बाई त्यांच्या कुटुंबातली एक संख्या म्हणून मोजायची नाही. पुनर्वसनाचे लाभ तिला वेगळे मिळायला हवेत. त्याच अधिनियमानुसार बाधित कुटुंबांत केवळ जमीनमालक येत नाहीत. संपादनापूर्वी तीन वर्षे त्या क्षेत्रात काम करून ज्यांची उपजीविका मुख्यतः त्यावर चालत होती, असे शेतमजूर, कूळ आणि कारागीरही येतात. पुनर्वसनात मिळणारे घर पती-पत्नींच्या संयुक्त नावे करता येते. शंभर एकर किंवा त्याहून अधिक जमीन घेतली जात असेल, तर पुनर्वसन समितीवर बाधित क्षेत्रातील स्त्रियांची प्रतिनिधी असावी लागते. या तरतुदी कागदावर चांगल्या आहेत. मात्र सर्वेक्षण करणाऱ्याने ‘कुटुंबप्रमुख कोण?’ एवढाच प्रश्न विचारला, तर त्या कागदावरच राहतात.

आता मराठवाड्यातील वस्तुस्थिती. येथील बहुतेक दगडखदानी शासकीय जमिनीवर किंवा मालकाशी थेट करार करून खासगी जमिनीवर चालतात. तेथे भूसंपादनाचा कायदा लागूच होत नाही. पाच-दहा वर्षांसाठी जमीन दिली, भाड्याची रक्कम ठरली, मालकाने सही केली, संपले. त्या जमिनीवर खुरपणी-वेचणी करणारी त्याची बायको त्या सहीच्या वेळी चहा करत असते. कराराची मुदत संपते, तेव्हा जमिनीच्या जागी चाळीस फुटांचा खड्डा राहिलेला असतो.

येथे कंपनीने कायद्याची वाट पाहू नये. करारापूर्वी वारस आणि सहहिस्सेदार यांची यादी करावी. महाराष्ट्रात २२ जून १९९४ पासून आणि देशभर २००५ च्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबातील मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हक्क आहे, त्यामुळे बहिणींना न विचारता झालेला करार पुढे न्यायालयात अडकू शकतो. हे खदानमालकाच्या हिताचेही आहे. भाड्याची रक्कम पती-पत्नींच्या संयुक्त खात्यात, एकरकमी न देता हप्त्यांनी द्यावी. एकरकमी पैशांतून जीप येते, लग्न थाटात होते आणि तीन वर्षांनी घरात ना जमीन असते, ना पैसा. हा अनुभव इतक्या गावांत आला आहे, की त्यासाठी वेगळा पुरावा मागण्याची आवश्यकता आम्हाला वाटत नाही.

शेतीवर बायकोचे नाव लावण्याची भाषा या महाराष्ट्रात शेतकऱ्यांनीच केलेली आहे. १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी संघटनेचे महिला अधिवेशन भरले आणि पुढे लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेत अनेक शेतकऱ्यांनी स्वखुशीने जमिनीचा हिस्सा पत्नीच्या नावे केला. तेव्हा ‘आमच्याकडे हे चालत नाही’ हे उत्तर आम्ही तरी मान्य करत नाही.

खदानीवर नवरा-बायको जोडीने काम करतात आणि हिशोब एकच असतो. यात चूक काय?

ऊसतोडीत जसा ‘कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी, तशीच दगडखदानीत जोडी असते. मजुरी ब्रासवर, म्हणजे शंभर घनफुटांवर. मुकादमाच्या वहीत नाव एकट्या नवऱ्याचे. एका क्रशरवर आम्ही पाहिले : तिने तोंडाला पदर बांधलेला, भुवया आणि पापण्या पांढऱ्या झालेल्या, खडीचे घमेले भरून ती फळीवरून ट्रॉलीत रिकामे करत होती, मूल ट्रॉलीच्या सावलीत साडीच्या झोळीत होते. शनिवारी हिशोब झाला, तेव्हा मुकादमाने उचल वजा करून उरलेले पैसे नवऱ्याच्या हातावर ठेवले. तिला किती मिळाले, असे विचारल्यावर ती म्हणाली, ‘माझं वेगळं काय असतंय?’

वेगळे असते. तिचे नाव हजेरीपटावर नसेल, तर तिला अपघातात भरपाई नाही, भविष्य निर्वाह निधी नाही, प्रसूतीचा लाभ नाही आणि दहा वर्षांनी दम लागू लागला, तर ती येथे कामाला होती याचा कागद नाही. देगलूर-बिलोलीकडच्या ग्रॅनाइटमध्ये क्वार्ट्झ भरपूर असते, त्याच्या बारीक धुळीने सिलिकोसिस हा फुफ्फुसांचा आजार होऊ शकतो. काळ्या दगडात ते प्रमाण फार कमी असले, तरी धूळ फुफ्फुसांना चांगली नव्हेच. ज्या बाईची नोंद नाही, तिची छाती कोणी तपासत नाही. म्हणून कंपनीने, आणि खडी विकत घेणाऱ्या मोठ्या ठेकेदारानेही, पहिली अट हीच घालावी : जोडीतील दोघांची नावे स्वतंत्र, मजुरी दोघांच्या स्वतंत्र खात्यात.

१९७२ च्या दुष्काळात याच प्रदेशातल्या बायकांनी रस्त्याच्या कडेला बसून खडी फोडली. त्यातून पुढे उभ्या राहिलेल्या रोजगार हमी योजनेने स्त्री-पुरुषांना सारखा दर आणि कामावर मुलांसाठी पाळणाघर ही तत्त्वे स्वीकारली. पन्नास वर्षांपूर्वी जे सरकारी कामावर मान्य झाले, ते खासगी खदानीवर अजून मागावे लागते, ही खेदाची गोष्ट आहे.

पाळणाघराविषयी एक चिंता नोंदवून ठेवतो. १९६६ च्या खाण पाळणाघर नियमांत स्त्रिया कामावर असलेल्या खाणीत पाळणाघर अपेक्षित होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितेत ही तरतूद पन्नासपेक्षा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांसाठी आहे. मराठवाड्यातील बहुतेक खदानींवर तेवढी संख्या कागदोपत्री कधीच भरत नाही. एका शिवारातील चार-पाच खदानमालकांनी मिळून एक पाळणाघर चालवणे, किंवा जवळच्या अंगणवाडीची वेळ वाढवून तिचा खर्च उचलणे, हे अवघड नाही. पुण्याजवळ वाघोलीच्या खाणींत ‘संतुलन’ संस्थेने खाणकामगारांच्या मुलांसाठी पाषाणशाळा चालवल्या. त्या खाणींवर पोटासाठी गेलेल्यांत मराठवाड्यातील कुटुंबेही आहेत.

यंत्रांवरची कामे बायकांना जमतील का?

झारखंडातील नोआमुंडीच्या लोहखनिज खाणीत टाटा स्टीलने स्त्रियांना प्रशिक्षण देऊन अवजड डंपर चालवण्याच्या कामावर घेतले आहे. कायद्याची आडकाठीही आता उरलेली नाही : १९५२ च्या खाण अधिनियमातील बंदी २०१९ च्या अधिसूचनेने सैल झाली आणि नव्या संहितेत स्त्रीच्या संमतीने व सुरक्षिततेच्या अटी पाळून रात्रपाळीसह सर्व कामे खुली आहेत. ज्या बाईला चाळीस किलोचे घमेले उचलायला कोणी नाजूक म्हटले नाही, तिला वजनकाट्यावरच्या संगणकासमोर किंवा लोडरच्या आसनावर बसवताना मात्र तिच्या नाजूकपणाची आठवण होते. स्वच्छतागृह, कपडे बदलायची खोली आणि रात्री घरी सोडणारे वाहन एवढी तयारी आधी हवी, हे खरे.

कंपनीने शिलाई मशीन वाटली, महिला दिन साजरा केला. आणखी काय अपेक्षा आहे?

शिलाई मशीनला आमचा विरोध नाही. पण ज्या गावाच्या विहिरी आटल्या, त्या गावात वीस मशीन देऊन ‘महिला सक्षमीकरण’ झाले असे लिहिणे योग्य नाही. मदत ही झालेल्या हानीच्या दिशेने जायला हवी.

पैशांचे मार्ग दोन आहेत. कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक आकाराच्या वरच्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक दायित्वावर खर्च करावी लागते आणि स्त्री-पुरुष समता हा त्या यादीतला एक विषय आहे. लहान खदानींना हे लागू होत नाही. दुसरा मार्ग मात्र सर्वांना महत्त्वाचा आहे : जिल्हा खनिज प्रतिष्ठान. २०१५ च्या दुरुस्तीने खाण व खनिजे (विकास व विनियमन) अधिनियमात कलम ९-ब आले आणि खाणधारकाने स्वामित्वधनाव्यतिरिक्त (रॉयल्टीखेरीज) या प्रतिष्ठानाला अंशदान देणे बंधनकारक झाले. गौण खनिजांबाबत राज्य शासन दर ठरवते. प्रधानमंत्री खनिज क्षेत्र कल्याण योजनेच्या २०२४ च्या सुधारित सूचनांनुसार यातील किमान सत्तर टक्के निधी पिण्याचे पाणी, आरोग्य, शिक्षण, महिला व बालकल्याण अशा उच्च प्राधान्याच्या बाबींवर खर्चायचा आहे.

प्रत्यक्षात रस्ते आणि सभागृहे यांची मागणी आधी पोहोचते, कारण मागणी करणारे तेच. बचत गटाने किंवा महिला ग्रामसभेने ठराव करून विहीर पुनर्भरण, आरोग्य तपासणी, शाळेपर्यंत मुलींसाठी बस अशी नेमकी कामे जिल्हाधिकारी कार्यालयाकडे पाठवावीत. ठरावाला पोच घ्यावी. पुढच्या बैठकीआधी ती दाखवून विचारणा करावी.

ट्रकचालक किंवा सुरक्षारक्षक त्रास देत असेल तर तक्रार कोठे करावी?

तातडीच्या प्रसंगी ११२ वर पोलिसांना किंवा १८१ या महिला हेल्पलाइनवर कळवावे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळासाठी २०१३ चा कायदा आहे. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील, तर मालकाने अंतर्गत समिती नेमलीच पाहिजे. त्याहून कमी असतील किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक समिती असते. तक्रार करणारी स्त्री तेथे नोकरीला असलीच पाहिजे, अशी अट नाही. कामाच्या जागेशी संबंधित प्रसंग असणे पुरेसे आहे.

कंपन्यांनी हा विषय किरकोळ समजू नये. पापुआ न्यू गिनीतील पोर्गेरा सोन्याच्या खाणीत सुरक्षारक्षकांनी स्थानिक स्त्रियांवर केलेल्या अत्याचारांच्या तक्रारी पुढे आल्यावर कंपनीला २०१२ मध्ये भरपाईसाठी खास यंत्रणा उभारावी लागली. तक्रारपेटी खदानीच्या फाटकावर, रक्षकाच्या खुर्चीशेजारी टांगलेली असेल, तर तिच्यात एकही चिठ्ठी पडणार नाही. अंगणवाडी सेविका किंवा आशाताई यांच्यामार्फत, तोंडी तक्रारही नोंदवून घेण्याची सोय हवी, आणि तक्रार करणारीचे नाव गावात फुटणार नाही याची हमी हवी.

आम्ही लहान खदानमालक आहोत, ‘कंपनी’ नाही. आम्हाला हे झेपेल का?

वर सांगितलेल्या बहुतेक गोष्टींना पैसा लागत नाही. हजेरीपटावर दुसरे नाव लिहिणे, बार उडवण्याची वेळ आदल्या दिवशी वस्तीत कळवणे, शाळा भरण्याच्या आणि सुटण्याच्या वेळी तासभर टिप्पर थांबवणे, रस्त्यावर पाणी मारणे, काम संपलेल्या खड्ड्याला कुंपण घालणे. शेवटच्या गोष्टीकडे कृपया विशेष लक्ष द्या. पाऊस झाला, की जुन्या खड्ड्यांत पाणी साठते, बायका तेथे धुणी नेतात, लेकरे सोबत जातात आणि काठ सरळ तुटलेला असतो.

घरातले पुरुष विरोध करत नाहीत का?

काही ठिकाणी करतात. संयुक्त खात्याचा विषय निघाला, की ‘आमच्या घरात भांडणे लावता का?’ असे ऐकावे लागते. म्हणून पुरुषांशीही आधी मोकळेपणाने बोलावे आणि हा नियम सर्व घरांना सारखा लावावा. एकट्या घराला लावला, तर तो त्या बाईच्या अंगावर येतो. पाणी आणि मुलींचा रस्ता हे विषय आधी घेतले, तर बाप आणि भाऊ सोबत येतात, असा आमचा अनुभव आहे.

कंपनी खरोखर बदलली की नुसता अहवाल लिहिला, हे कसे ओळखावे?

किती बायका बैठकीला आल्या, हा आकडा विचारू नका. त्यांनी सांगितलेल्या गोष्टींपैकी कोणती गोष्ट कंपनीच्या निर्णयात उतरली, हे विचारा. ट्रकचा मार्ग बदलला का? सुरुंगाचे बार उडवण्याची वेळ बदलली का? भाड्याच्या किती खात्यांवर स्त्रीचे नाव आहे? हजेरीपटावर किती स्त्रिया आहेत आणि त्यांना स्वतःच्या खात्यात किती मजुरी मिळाली?

पापुआ न्यू गिनीच्याच ओक टेडी खाणीत २००६-०७ साली गावांशी झालेल्या कराराची फेरबोलणी झाली, तेव्हा स्त्रियांच्या प्रतिनिधी प्रथमच बोलणीला बसल्या. भरपाईच्या रकमेतील दहा टक्के हिस्सा स्त्रिया व मुलांसाठी राखून ठेवायचा आणि कुटुंबाच्या खात्यावर स्त्रीचीही सही लागेल, या गोष्टी त्यांनी करारात लिहून घेतल्या. करारात लिहिलेले असल्यामुळे त्या पुढे मागता आल्या. आपल्याकडेही आश्वासन भाषणात आले, तर त्यावर विसंबू नये. ते ठरावात किंवा करारात शब्दशः येईपर्यंत थांबावे.

आमच्या शिवारात खदान येणार असे नुकतेच कळले आहे. आम्ही बायकांनी पहिल्यांदा काय करावे?

पहिल्या आठवड्यात बचत गटाच्या बैठकीत विषय घ्या आणि गटाच्या वहीत तारखेसह लिहा. तलाठ्याकडून गट क्रमांक आणि क्षेत्र विचारा. मागणी कोणाच्या नावाने आहे, हे तहसील कार्यालयात किंवा जिल्हा खनिकर्म अधिकाऱ्याकडे कळते, न सांगितल्यास माहिती अधिकाराचा अर्ज करा. ग्रामसेवकाला महिला सभा बोलावण्याचे लेखी पत्र द्या आणि त्याच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या. काम सुरू होण्याआधी आपापल्या घराच्या भिंतींचे, विहिरीच्या पाण्याच्या पातळीचे आणि रस्त्याचे फोटो मोबाइलवर तारखेसह काढून ठेवा. विहिरीत दोरी सोडून पाणी किती हातांवर आहे, ते दर पंधरा दिवसांनी वहीत लिहा. पुढे कोणी ‘तडे आधीपासूनच होते’ किंवा ‘पाणी दुष्काळाने गेले’ असे म्हणाले, तर ती वही टेबलावर ठेवता येईल.